वीसच्या पुढचं दार

२१५

आमच्या ऑफिसात आकड्यांची ओळख लिहितात असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग पगार विचारतात. पगार ऐकला की पुन्हा हसतात.

पण काम खरंच तेवढंच आहे. इंटरनेटवर आमची एक जागा आहे. तिथे कुठलीही पूर्ण संख्या टाका, तिचं पान उघडतं. सम की विषम, मूळ की संयुक्त, कुणाकुणाने भाग जातो, कुठल्या गटात बसते, कुठल्यात बसत नाही. पानं मशीन लिहितं. मोठ्या संख्यांची पानं मात्र माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जात नाहीत, आणि ते तपासणारं माणूस म्हणजे मी.

मला हे काम अगदी मापाने शिवून मिळालंय. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मी पेनाने सुधारलेत. आमच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने 'वेळ ५ ते ८ व ७ ते १०' अशी पाटी लावली, तेव्हा मी आत जाऊन विचारलं होतं की सात ते आठ तुम्ही दोघं असता का. नवरा म्हणायचा, तुझ्याशी भांडण परवडतं, तुला पत्र लिहिणं परवडत नाही. तो नोकरीसाठी परगावी असतो. पत्र लिहीत नाही, फोन करतो.

३०

आमची भिंगरी सात वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिला मी एक खेळ शिकवलाय. कुठलीही संख्या घ्यायची. तिच्यातल्या प्रत्येक अंकाला त्यानेच गुणायचं आणि जे येईल ते मिळवायचं. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. करत करत शेवटी एक आला तर ती संख्या आनंदी. हे मी रचलेलं नाही, गणितात त्यांना आनंदीच म्हणतात. सातचं बघा. साती साती एकोणपन्नास. मग चारचे सोळा आणि नऊचे एक्याऐंशी, मिळून सत्त्याण्णव. त्याचे एकशे तीस, त्याचे दहा, दहाचा एक. संपलं. सात आनंदी.

ज्या संख्या एकाला पोचत नाहीत त्या चारवर येतात, आणि चारवरून फिरत फिरत पुन्हा चारवर. कायमच्या. आठ तसली आहे, म्हणून भिंगरीला आठ वर्षांची व्हायचंच नाही. माझं वयही तिने करून पाहिलं होतं. "आई, सदतीस दुःखी आहे गं," असं म्हणून माझ्या गळ्यात हात टाकला होता.

त्या सकाळी दूध पिता पिता तिने पाटीवर वीस लिहिलं, आणि पुढे लिहिला एक.

"वीसचा एक कसा आला?"

"बिचारी किती वेळ फिरणार? मी सोडवलं तिला."

"दोन दुणे किती?"

"चार."

"आणि शून्याचं शून्य. मग किती झाले?"

तिने ओठ काढला. मी एक पुसून चार लिहिला. "भिंगरे, कुणी सांगितलं म्हणून खरं धरायचं नाही. आपण करून बघायचं."

"तू सांगितलंस तरी?"

"मी सांगितलं तरी."

तिला ते पटलं असावं. खडूचा तुकडा दप्तराच्या कप्प्यात टाकून ती उठली. "आज अर्धीच शाळा आहे. तू घ्यायला यायचंयस. विसरलीस तर?"

"विसरेन कशी?"

आणि मी विसरले नव्हते. एवढं लक्षात ठेवा.

९

ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उघडा डक, त्यात सगळ्यांचे पाइप आणि कबुतरं. डकच्या चारी बाजूंनी चौकोनी कॉरिडॉर, एका बाजूला दोन अशी आठ दारं. आमचं, शेजारी दंतवैद्याचं, वळलं की शिवणकामाचा क्लास आणि एक वकील, पुन्हा वळलं की कुरिअरवाला आणि घड्याळदुरुस्ती, त्यानंतरच्या कोपऱ्यात जिना. जिन्यापलीकडे दोन बंद गाळे, आणि मग पुन्हा आम्ही. बंद गाळ्यांच्या बाजूची ट्यूब कधीची गेलेली, म्हणून मी नेहमी लांबच्या बाजूने फिरून जिन्याकडे जाते. दारांवर नुसत्या पाट्या आहेत, नंबर नाहीत. आकड्यांच्या ऑफिसाला नंबर नाही, यावर गुरुजी अधूनमधून हसायचे.

गुरुजी म्हणजे आमचे सगळ्यांत जुने तपासनीस. आधी शाळेत गणित शिकवायचे. बरेच दिवस ते आले नव्हते.

"न सांगता सुट्टीवर गेलेत," साहेब म्हणाले. "या वयात माणसाने असं वागावं?"

"साहेब, त्यांच्या चपला इथेच आहेत."

साहेबांनी टेबलाखाली बघितलं. चपला सरळ जोडून ठेवलेल्या होत्या, वर टेबलावर चष्म्याचं घर. "असतील दुसऱ्या," असं म्हणून ते केबिनमध्ये गेले. मला ते काही पटलं नाही. गुरुजींना मी पाच वर्षं त्याच एका जोडीत बघत आले होते.

८१

कामाला लागले त्या दिवशी गुरुजींनी मला एक नियम सांगितला होता. आनंदी की दुःखी ते तपासताना चार, सोळा, सदतीस, अठ्ठावन्न, एकोणनव्वद, एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, यांतली कुठलीही संख्या दिसली की स्क्रीनवर लिहायचं पेन खाली ठेवायचं. 'दुःखी' लिहायचं आणि पुढच्या पानाला लागायचं. कारण या आठ जणी एकीतून दुसरी अशा निघत जातात, आणि वीसमधून पुन्हा चार.

"फेरीत शिरायचं नाही, ताई."

"आणि शिरलं तर?"

"वेळ जातो," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत, पण शिक्षकांचं तसंच असतं.

अलीकडे साहेबांनी त्यावर आपला एक नियम चढवला. टिकचा चौकोन पानाच्या तळाशी नेला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, मगच टिक करायची. आणि एकदा टिक केली की पान बंद, ते कुणालाच पुन्हा उघडता यायचं नाही. गुरुजी तेव्हा साहेबांशी तावातावाने भांडले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवीन काही नको असतं.

६५

साहेब त्या दिवशी लवकर निघून गेले. ऑफिसात मी एकटी. शाळा जवळच, दोन गल्ल्या सोडून. निघायला अजून थोडा अवकाश होता आणि एकच पान उरलं होतं.

बावीस कोटी तीस लाख ब्याण्णव हजार आठशे सत्तर.

बघताक्षणी मला ती आवडली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, या पहिल्या नऊ मूळ संख्या एकमेकींना गुणल्या की ही येते. प्रत्येकीची हजेरी एकदाच, दोनदा कुणी नाही, म्हणून वर्गमुक्त. ज्यांनी तिला भाग जातो अशा संख्या पाचशे बारा. तिला स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज केली तर ती तिच्या जवळजवळ पावणेतीनपट भरते, म्हणून विपुल. अंकांची बेरीज तेहतीस, आणि तेहतिसाने तिला नेमका भाग जातो, म्हणून हर्षद. हर्षद म्हणजे आनंद देणारी. भरल्या घरातली कर्ती बाई असावी तशी संख्या. मी खूश होऊन भराभर खाली आले. शेवटी एकच रकाना होता. आनंदी की दुःखी.

अंकांचे वर्ग मिळवले. दोनशे पंधरा. त्याचे तीस. मग नऊ, एक्याऐंशी, पासष्ट, एकसष्ट. सदतीस.

दुसऱ्यांना आनंद देणारी आणि स्वतः दुःखी. अशा दोघीतिघी माझ्या ओळखीच्या आहेत. इथे मी पेन खाली ठेवायला हवं होतं.

६१

पण पान संपलं नव्हतं. सदतीसच्या खाली अठ्ठावन्न लिहिलेलं, त्याखाली एकोणनव्वद, एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, चार, सोळा, सदतीस. आणि खाली पुन्हा अठ्ठावन्न. मशीन असं करत नाही. एखादी संख्या दुसऱ्यांदा आली की थांबायचं, हे त्याला शिकवलेलं आहे. मी खाली सरकत गेले. फेरी संपायची, नवी सुरू व्हायची. कडेची पट्टी बारीक बारीक होत चाललेली, म्हणजे पान मी वाचत असतानाच लांबत होतं.

उठायला हवं होतं. पण शेवटची ओळ वाचल्याशिवाय टिक नाही, आणि टिक केल्याशिवाय उठायची मला सवय नाही. मी ओठांनी एकेक संख्या म्हणत खाली जात राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. एकदा लक्षात आलं की आपण मानेने ताल धरलाय, आणि आपल्या म्हणण्याच्या किंचित मागून कुणीतरी तेच म्हणतंय. थांबले तर आवाजही थांबला. पंखा असेल म्हटलं.

मग शेवट आला. 'वीस. एक. आनंदी.' त्याखाली टिकचा चौकोन.

खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. वीसमधून एक? सकाळी हेच सात वर्षांच्या पोरीला समजावलं होतं आणि इथे मशीनला समजावायचं. तो एक जरासा कलता होता. स्क्रीनवरचं अक्षर कधी कलतं नसतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी एक खोडला, चार लिहिला. 'आनंदी' खोडून 'दुःखी' लिहिलं. टिक केली.

पान बंद झालं. त्याच क्षणी बाहेर कुठेतरी एक दार लागलं. आणि एका माणसाची आरोळी आली, पण ती अर्ध्यावरच तुटली. कुरिअरवाल्यांची नेहमीची भांडणं, असं समजून मी पर्स उचलली.

३७

आमच्या दारावर पितळेची पट्टी होती. ३७.

नगरपालिकेला जाग आली म्हणायची, असं मनात म्हणत मी कुलूप लावलं. पट्टीचे स्क्रू गंजलेले होते. सकाळी आले तेव्हा पट्टी नव्हती. तरी मी चालत राहिले, कारण शाळा सुटायची वेळ झाली होती. दंतवैद्याच्या दारावर ५८. शिवणकामाच्या क्लासवर ८९. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी गुरुजींच्या तालमीतला माणूस दिसतो. वकिलाचं १४५, कुरिअरवाल्याचं ४२, घड्याळदुरुस्तीचं २०.

वळले. आता जिना.

समोर अंधारातलं दार होतं. ४. पुढचं १६. मग उजेड, आणि आमचं कुलूप, आमचं दार, ३७.

जिना आला कधी आणि गेला कधी, माझ्या लक्षातच आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. डोक्यात आकडे भरलेले, उपाशी पोट, अशा वेळी माणूस आपल्या घरावरूनही पुढे जातो. पुन्हा निघाले. या वेळी भिंतीला हात लावून.

५८

मला भुताखेतांचं कौतुक कधीच नव्हतं. सिलिंडर संपतो, पाणी जातं, मुलीला ताप येतो, यांतून वेळ उरला तर माणसाने भुतांना घाबरावं. त्यामुळे मी नीट विचार केला. २० आणि ४ यांच्यामध्ये जिना होता, आता भिंत आहे. म्हणजे भिंत कुणीतरी बांधली. पण ओल्या सिमेंटचा वास नाही. खांद्याच्या उंचीवर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगाचा तेलकट पट्टा, एक वाकडा खिळा, खाली पोपडे. ती भिंत या इमारतीइतकीच जुनी होती.

उलट्या बाजूने जाऊन पाहिलं. तेच. धावत जाऊन पाहिलं. तेच, फक्त धाप लागली.

मोबाइलवरून कुणालाच फोन लागेना. मग डकच्या खिडकीशी गेले. खाली वॉचमन असतो, हाक मारली तर ऐकू जाईल. वाकले. कबुतरं नव्हती. खालच्या मजल्यावर, नेमकी माझ्याच खिडकीखाली, एक बाई तशीच वाकून खाली बघत होती. फक्त डोकं दिसत होतं. तिचा भांग माझ्यासारखाच वाकडा होता, आणि मानेवर तोच तीळ, जो मला फक्त फोटोत दिसतो. ती घाबरून हळूच मागे सरकली तशी मीही सरकले. वर बघायचं मात्र माझं धाडस झालं नाही.

८९

दारं उघडी होती, तेवढं बरं, असं वाटलं. शिवणकामाच्या क्लासात शिरले. मशिनींवर अर्ध्या शिवलेल्या बाह्या, दातात धरून तोडलेल्या दोऱ्यांचे तुकडे, एका मशिनीचं पायटं अजून खालीवर होत होतं. बाई एकही नाही. दंतवैद्याकडे खुर्ची आडवी, दिवा चालू, पेल्यात पाणी भरून वाहतंय. मी तोटी बंद केली. सवयच आहे मला.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या बाई. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

"अहो, शाळा सुटून किती वेळ झाला. सगळी मुलं गेली. ही एकटीच गेटवर बसलीय."

"बाई, मी अडकलेय. तुम्ही तिला जरा तुमच्यापाशी ठेवा."

"रडत नाहीये हं. फरशीवर खडूने आकडे लिहीत बसलीय. तुमचं ऑफिस दोन गल्ल्या सोडूनच ना? शिपायाबरोबर पाठवून देते. ती म्हणतेय, तिला मजला माहीत आहे."

"नको. बाई, ऐका, तिला इथे पाठवू नका. काही झालं तरी नको. इथे जिना..."

"निघालीसुद्धा हो ती. भारी चपळ आहे."

फोन मेला. मी ती काळी काच कितीतरी वेळ कानाशी धरून उभी होते. मला बाहेर पडायचं होतं, हे तोवर होतं. त्यानंतर मला फक्त एवढंच हवं होतं की माझी मुलगी आत येऊ नये.

१४५

चालत राहिले, कारण थांबून काय करायचं. वकिलाच्या दाराशी आले आणि पुढच्या वळणापलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. अनवाणी पायांचा आवाज, आणि त्या तालावर, "वीस, एक. वीस, एक. वीस, एक."

"गुरुजी!"

वळले तेव्हा ते पुढच्या वळणाशी पोचलेले. पाठमोरे. तोच चौकड्यांचा शर्ट, पण अंगावर लोंबणारा. खांद्यावर खडूची भुकटी. मी धावले तरी अंतर तेवढंच राहिलं.

"जवळ येऊ नका, ताई," ते मान न वळवता म्हणाले. "तुम्हाला पाढे येतात."

"गुरुजी, जिना कुठेय?"

"होता की. दोन दुणे किती ते विसरायला मला किती फेऱ्या लागल्या, तुम्हाला काय सांगू. जन्मभर पोरांना शिकवलेलं. पण विसरलो एकदाचा. वीसच्या पुढे एक लिहिला, मनापासून लिहिला, आणि दार उघडलं. एक पाय जिन्यावर ठेवला होता मी." त्यांच्या कानामागची कातडी कागदासारखी झाली होती. "तुम्ही खोडलंत ना?"

मी धावायचं थांबवलं.

"बरोबरच केलंत," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. "आता पुन्हा आठवायला लागलंय. बे एके बे. बे दुणे..." त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले आणि वळणाआड गेले. मी पोचले तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं.

४२

मग मी त्या भिंतीपाशी गेले आणि नीट बघितलं. विसाच्या दारापुढे, छातीच्या उंचीवर, खडूने एक कलता एक काढलेला होता. त्याच्यावर काट मारून शेजारी चार लिहिलेला. वरून उघडा, शेपूट लांब. तो चार मी दिवसातून शंभर वेळा लिहिते. माझंच अक्षर.

पर्समध्ये पेन होतं. चार खोडला, एक लिहिला. भिंत भिंतच राहिली. पुन्हा लिहिला. गिरवून गिरवून भिंतीत खाच पाडली. पण लिहिताना आतून कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, दोन दुणे चार आणि शून्य. चूक करायची तर ती मनापासून करावी लागते, आणि मला ती जमत नाही. कधी जमलीच नाही. मी भिंतीवर डोकं टेकून रडले, मोठ्याने. ऐकायला होतंच कोण.

आणि तेव्हा पाण्याच्या बाटलीचा आवाज आला. भिंगरीची बाटली दप्तराच्या बकलावर आपटते. टक, टक, टक, मग धावली की टकटकटक. तो आवाज मी गर्दीतही ओळखते.

"आई?"

२०

मी वळणाकडे धावले. पुढच्या वळणावर दप्तराचं लाल टोक दिसलं आणि गेलं. आणखी धावले. वेणीची रिबीन दिसली आणि गेली.

"भिंगरे, थांब. आहेस तिथे उभी राहा."

"उभीच आहे. तू कुठेयस? मघापासून नुसता आवाज येतोय तुझा."

"तू कुठल्या दाराशी आहेस?"

"वीस लिहिलंय. घड्याळवाल्या काकांचं. आई, मी आत्ता जिन्याने वर आले ना, तो जिनाच नाहीये." बाटली टक्कन वाजली. "भिंतीवर कुणीतरी घाण गिरवून ठेवलंय."

माझं डोकं भराभर चालायला लागलं. तिला सात वर्षं झालीत, माझं ती ऐकते, आणि तिच्याकडे खडू आहे.

"खडू आहे ना दप्तरात? काढ. त्या गिरवलेल्याच्या बाजूला स्वच्छ जागेवर लिही. वीसच्या पुढे एक."

"एक?"

"हो."

"पण सकाळी तू तर चार म्हणालीस. पुसलंस माझं."

"मी चुकले होते, बाळा." हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. "तुझंच बरोबर होतं. वीसचा एकच येतो."

"खरंच? तू चुकलीस?" केवढी हरखली ती.

"खरंच. लिही आता. आणि दार दिसलं की खाली जायचं. शिपाईकाका असतील, त्यांच्याबरोबर बाईंकडे जायचं. मागे बघायचं नाही. बाबा येतील तुला घ्यायला."

"आणि तू?"

"मी येतेच मागून. लिही."

भिंतीवर खडू सरकल्याचा आवाज आला. बिजागरी करकरली, आणि एकदम रस्ता ऐकू आला. रिक्षेचा हॉर्न, कुणाचं तरी हसणं, शटर ओढल्याचा खडखडाट. कॉरिडॉरमध्ये गार वारा शिरला. पावलं जिना उतरायला लागली, बाटली दप्तरावर आपटत गेली, टक, टक, टक, खाली, आणखी खाली. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. सुटली. इतकी सुखी मी कधी झाले नव्हते. मला आता कितीही फिरावं लागलं तरी चालणार होतं.

मग बाटलीचा आवाज थांबला.

४

"भिंगरे, जा," मी ओरडले. "थांबू नकोस."

खालून तिचं पुटपुटणं ऐकू आलं. बोटांवर हिशेब करताना ती तशी पुटपुटते.

"आई," तिने खालून हाक दिली, "मी करून बघितलं गं. दोन दुणे चार, आणि शून्याचं शून्य."

"नाही. भिंगरे, नाही. मी सांगते ना."

"तू सांगितलंस तरी नाही." ती खदखदून हसली. "चारच येतात. तू सकाळीच बरोबर होतीस. थांब हं, मी येऊन पुसते आणि नीट लिहिते."

बाटली वाजत वर यायला लागली, टकटकटक, एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या घेत. रस्त्याचा आवाज बारीक होत गेला. आईची चूक सापडल्याचा तिला कोण आनंद झाला होता.